एमआरआय नॉर्मल, मग दुखणं मनातलं का?

"मॅडम, रिपोर्टमध्ये काहीच नाही. म्हणजे हे माझ्या मनातलंच ना?" चेहऱ्याच्या जुन्या दुखण्याने गांजलेली माणसं मला, त्यांच्या समुपदेशकाला, हे वारंवार विचारतात, म्हणून या काकूंची गोष्ट, ओळख बदलून.

काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आल्या त्या उजव्या गालावर पदर धरूनच. "आधी तेवढा पंखा बंद करा." ब्रश लागला, वारा लागला, घास चावला की जबड्यात वीज चमकायची आणि काही सेकंदांत जायची. त्यापायी दोन दाढा काढून झाल्या होत्या. सगळ्यांचं उरकलं की एकट्या बसून दुधात कुस्करलेली पोळी खायच्या. मुलगा म्हणाला होता, "रिपोर्ट चांगला आहे, मनावर घेऊ नकोस."

खरं सांगते, पहिल्या भेटीत मीही विचारलं, "सुनेशी पटतं ना?" काकू गप्प झाल्या. चूक माझीच होती.

तिसऱ्या भेटीत मी शाळेचा विषय काढला. "दरवर्षी वर्गाचा फोटो निघायचा. त्यात मस्तीखोर पोरगं ओळखू यायचं?"

"छे हो! सगळे हाताची घडी घालून शहाणे." हसल्या, गाल सांभाळत. मग थांबल्या. "म्हणजे एमआरआय..." पदर हळूच खाली आला.

हे उदाहरण मला आयत्या वेळी सुचलं, त्याचा थोडा अभिमान आहे! मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे मनाचा त्रास घटनेपेक्षा तिच्याकडे बघण्याच्या दृष्टिकोनातून होतो असं मानणारी. पण दुखणं हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे, असं मी कुणाला सांगत नाही. वीज खरीच होती. चुकला होता तो रिपोर्टचा लावलेला अर्थ.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेच्या दुखण्याचं निदान मुख्यतः रुग्णाचं ऐकून होतं. एमआरआय करतात तो गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसतंतूंचं आवरण खराब करणारा आजार) नाही ना हे बघायला, आणि नसेवर रक्तवाहिनी दाबतेय का हे तपासायला. मेंदूच्या साध्या एमआरआयमध्ये हा दाब निसटू शकतो. एमआरआयमध्ये त्या नसेची पातळ थराथराने चित्रं घेतली होती का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. उलटंही होतं. 'रक्तवाहिनी नसेला टेकली आहे' एवढं वाचून काहींची झोप उडते. तशी टेकलेली रक्तवाहिनी न दुखणाऱ्या बाजूलाही सापडते. नस दबून बारीक झाली आहे का, जागची सरकली आहे का, याला जास्त महत्त्व. शस्त्रक्रियेचा विचार करताना ते बघतात.

काकूंना मी एकच गृहपाठ दिला: कुठे, कशाने, किती सेकंद, हे एका पानावर लिहायचं. त्या वळणदार अक्षरातलं पान न्यूरोलॉजिस्टनी दोनदा वाचलं आणि कार्बामॅझेपिन हे या दुखण्यावरचं औषध सुरू केलं, रक्ततपासणीच्या तारखांसह. गोळी मनाने बंद करायची नाही, हे मीही बजावलं. वीज पुन्हा चमकेल या भीतीवर मग आमच्या भेटी चालू राहिल्या.

सहाव्या भेटीत काकू बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "पंखा लावा की. एकवरच हं."