.४५ जाड असूनही .४४ मॅग्नमचा जोर जास्त कसा?

तुमचा प्रश्न असा: रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांत .४५ कोल्ट जाड असूनही .४४ मॅग्नमला जास्त ताकदवान का म्हणतात, आणि रिव्हॉल्व्हर सिंगल अॅक्शन बरी की डबल?

माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, त्यामुळे ‘काडतूस’ हा शब्द मी भरीत-भाकरीसोबत ऐकत मोठा झालो. तरी मी तज्ज्ञ नाही, नादिष्ट म्हणा.

आकड्यावर जाऊ नका भाऊ. तो फक्त जाडी सांगतो, तीही धड नाही. .४४ मॅग्नमची गोळी मोजली तर .४२९ इंच भरते आणि .४५ कोल्टची .४५२, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जोर ठरतो दारू पेटल्यावर आत होणाऱ्या दाबावर. केळीला पाणी देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पाइप तोच असला तरी तीनची मोटर वेगळी आणि दहाची वेगळी.

.४५ कोल्ट १८७३ चं, बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातलं. जुनी रिव्हॉल्व्हरं अजून लोकांकडे आहेत म्हणून त्याची दाबाची मर्यादा आजही १४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) धरतात. १९५५ च्या .४४ मॅग्नमची ३६,०००. म्हणून गोळी किंचित हलकी असूनही ती सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास सुटते आणि ऊर्जा कोल्टच्या दुपटीवर जाते. .४५४ कॅसल तर कोल्टच्याच जाडीचं, पण ६५,००० चं. त्याचं कवच मुद्दाम अडीच मिलिमीटर लांब ठेवलंय. कोल्टचं काडतूस कॅसलच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या जागेत, बसतं. कॅसलचं कोल्टमध्ये शिरतच नाही. शिरलं असतं तर सिलिंडर फुटून हात गेला असता. २००३ चं .५०० स्मिथ अँड वेसन हे काडतूस मला तरी मनगटाशी वैर वाटतं.

आता अॅक्शन. आमच्या आबांकडे परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करावं लागतं. एकदा जमा करायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते मधून मोडून उघडलं, सहाही घरं बोटाने चाचपली, मला दाखवली आणि म्हणाले, “भिंतीकडे धर, ओढ चाप.” चाप लांबच लांब येत राहिला. तेवढ्यात सिलिंडर फिरला, घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) मागे गेला, आणि माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) लक्ष्यावरून केव्हाच सरकली होती. ही डबल अॅक्शन, सगळं काम बोटावर. मग त्यांनी अंगठ्याने घोडा चढवायला लावला. बोट टेकलं न टेकलं तोच ‘टक’. सिंगल अॅक्शनमध्ये हेच दर वेळी करावं लागतं: चाप हलका, नेम बरा, पण वेग कमी.

जोरदार काडतुसांना मी सिंगलच निवडेन. तिची वाकडी मूठ धक्क्याने तळव्यात वर फिरते, त्यामुळे मनगटाला कमी लागतं. स्वसंरक्षणाला मात्र डबल. घाबरलेल्या माणसाला घोडा चढवायचं सुचत नाही. आणि जळगावात बसून .४४ बद्दल वाचायचंच. परवाना मिळालाच तर हातात बहुधा .३२ येतं. त्याची ऊर्जा मॅग्नमच्या साधारण नवव्या हिश्शाएवढी.

कोल्ट कंपनीची जुनी सिंगल अॅक्शन कधी हाताळायला मिळाली, तर सहाची असली तरी पाचच भरा. त्यात घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या टोपीवर (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागावर) टेकलेली असते, म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं.