वाचकांचे प्रश्न : घरी राइट केलेल्या सीडी किती काळ भरवशाच्या?

प्रश्न : वडिलांची कीर्तने आणि बहिणीच्या लग्नाचे चित्रीकरण मी २००४ ते २००८ या काळात सीडी आणि डीव्हीडींवर उतरवून ठेवले. वेष्टनावर ‘शंभर वर्षे टिकाऊ’ असे छापलेले होते. आता काही डिस्क उघडतच नाहीत, तर काही शेवटाकडे अडकतात; ओरखडा मात्र एकावरही नाही. असे का होते, आणि उरलेले वाचवता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो शंभराचा आकडा अर्थातच कोणी शंभर वर्षे थांबून मोजलेला नाही. नव्या डिस्क कडक उष्णतेत आणि दमट हवेत काही आठवडे ठेवून त्यांतील चुका कोणत्या वेगाने वाढतात हे पाहतात, आणि त्यावरून नेहमीच्या तापमानातील आयुष्याचे गणित मांडतात. हे गणित खोटे नसते. पण ते थंड, कोरड्या खोलीतील, नीट राइट झालेल्या डिस्कचे असते. कोकणातले पावसाळे कपाटात काढलेल्या डिस्कला ते कसे लागू पडावे?

दुकानात मिळणाऱ्या चित्रपटाच्या सीडीत माहिती प्लास्टिकवर खळग्यांच्या रूपात ठशाने उमटवलेली असते. घरी राइट केलेल्या सीडीत मात्र सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, आणि लेझर तो जागोजागी तापवून खुणा करतो. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग उतरत जातो व खूण आणि कोरी जागा यांतला फरक पुसट होतो. रंगाच्या थरावर सहसा चांदीचा परावर्तक थर असतो, आणि त्यावर केवळ लाखेसारखा पातळ लेप. म्हणजे सीडीची नाजूक बाजू ही आपण जपतो ती चकचकीत नव्हे, तर जिच्यावर बॉलपेनने दाबून नाव लिहितो ती. सीडी दिव्यासमोर धरून पाहा : परावर्तक थर जिथे गेला असेल तिथे सुईच्या टोकाएवढे प्रकाशबिंदू दिसतील. डीव्हीडीत हे थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये चिकटवलेले असल्याने वरून सुरक्षित असतात. तिथे दमटपणा कडेच्या सांध्यातून शिरतो.

डिस्क ‘अचानक’ गेली असे वाटते, याचे कारण तिच्यातील चूकदुरुस्तीची व्यवस्था. माहितीबरोबर जादा संकेत लिहिलेले असतात आणि त्यांच्या आधारे डिस्क वाचणारा ड्राइव्ह खराब भाग बिनबोभाट भरून काढतो. या दुरुस्तीची मर्यादा ओलांडेपर्यंत आपल्याला काहीच कळत नाही, आणि ओलांडली की फाइल उघडत नाही. लिखाण आतून बाहेर होत असल्याने शेवटच्या फाइली कडेकडे असतात, आणि झीज बहुधा कडेलाच आधी होते.

म्हणून ज्या आज उघडतात त्यांची नक्कल आधी करावी. बिघडलेल्यांचा नाद नंतर. डिस्क मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना उठलेला ओरखडा लिखाणाच्या रेषेवरून लांबवर जातो व तिथे दुरुस्तीचे संकेतही हरतात. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो, तेव्हा दोन-तीन ड्राइव्ह लावून पाहिल्याशिवाय आशा सोडू नये. लग्नाची डिस्क व्हीसीडी असेल तर आणखी एक गंमत आहे : व्हीसीडीतील चित्रफितीला साध्या डेटा सीडीतला दुरुस्तीचा जादा थर नसतो, पण प्लेअर चूक आली तरी चौकोन दाखवत पुढे जातो, तर संगणक तिथेच कॉपी थांबवतो. अशा वेळी ‘आयसोबस्टर’सारखी, खराब जागा ओलांडून पुढचे वाचणारी प्रणाली वापरावी.

प्रश्न : मग नवे काही डिस्कवर ठेवूच नये का?

उत्तर : ठेवायला हरकत नाही, मात्र ती एकमेव प्रत नसावी. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क यासाठी घेऊ नयेत. एम-डिस्क आणि असेंद्रिय थराच्या ब्लू-रे डिस्क सेंद्रिय रंगावर अवलंबून नसल्याने अधिक भरवशाच्या आहेत, जरी एम-डिस्कच्या हजार वर्षांच्या दाव्यालाही वरचेच गणित लावून पाहावे. मला मोठी चिंता ड्राइव्हची वाटते. नव्या लॅपटॉपमध्ये तो जवळपास नाहीसाच झाला आहे, आणि सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रेचे उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवले. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी निराळ्या घरी, आणि डिस्क वाचणारा, यूएसबीवर चालणारा एक ड्राइव्ह आताच घेऊन ठेवलेला, एवढी तयारी असावी. वर्षातून एकदा दोन्ही प्रतींतील फाइली केवळ मोजून न थांबता शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात, आणि तसे पाहून होईपर्यंत मूळ डिस्क रद्दीत देऊ नयेत.