ग्रामीण फेऱ्यांसाठी मिनीबस: आसनं शेवटी मोजा, आधी रस्ता आणि वजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मिनीबस घ्यायच्या आहेत, मार्ग गावांना तालुक्याच्या ठिकाणाशी जोडणारे, काही रस्ते कच्चे, एका मार्गावर घाट. २४ आसनी घ्यावी की ३२ आसनी, व्हॅनवर बेतलेली घ्यावी की चासीवर (इंजिन आणि चाकं बसवलेल्या नुसत्या सांगाड्यावर) वेगळी बॉडी बांधलेली, आणि त्यातली एखादी विजेवर चालणारी घ्यावी का?

आसनांच्या आकड्यापासून सुरुवात केली की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात. ताफ्यातल्या गाड्या मोडतात त्या आसनं कमी पडल्यामुळे नव्हे. मागच्या अ‍ॅक्सलवर (मागच्या चाकांच्या आसावर) झेपेल त्यापेक्षा जास्त भार येतो, पायरी खडकाला घासते, नाहीतर घाटात क्लच जळतो. म्हणून आधी प्रत्येक मार्गावरचे सर्वात वाईट ५०० मीटर शोधा. ओढ्यावरचा बुटका पूल, तीव्र वळण, गतिरोधकाला लागूनच सुरू होणारा चढ, शेवटच्या गावातली गाडी वळवायची जागा. गाडी या ५०० मीटरसाठी निवडायची असते. उरलेल्या चाळीस किलोमीटरवर कुठलीही गाडी चालते.

वजनाचा हिशेब

माहितीपत्रकात दोन आकडे असतात: गाडीचं कमाल एकूण वजन आणि रिकामं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी क्षमता. समजा एकूण वजन ६,५०० किलो आहे आणि एसी, सामानाचे रॅक, व्हीलचेअर लिफ्ट बसवून रिकामं वजन ४,४५० किलो भरलं. हातात राहिले २,०५० किलो. २४ प्रवासी प्रत्येकी ६८ किलो धरले तर १,६३२. चालक ७५. हातातल्या पिशव्या माणशी ३ किलो म्हणजे ७२. इथवर १,७७९ झाले. आता ग्रामीण प्रवासी बाजाराच्या दिवशी रिकाम्या हाताने येत नाही, माणशी १५ किलो सामान धरलं की आणखी ३६०. एकूण २,१३९. एकही माणूस उभा नसताना गाडी ८९ किलोंनी जास्त भरली.

त्यामुळे विक्रेत्याला लेखी विचारा: रिकाम्या वजनात चालक आणि इंधन धरलंय का? काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. आणि वजन चासीचं सांगताय की बॉडी, एसी आणि लिफ्टसकट तयार गाडीचं? शक्य असेल तर तशीच बांधलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जाणं हा मिनीबसचा नेहमीचा दोष आहे.

तो दोष कुठून येतो तेही पाहा. समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ४ मीटर, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे डिकीत ३०० किलो सामान. मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नाही, ४१२ किलो येतात, आणि पुढचा अ‍ॅक्सल ११२ किलोंनी हलका होतो. तरफेचा साधा नियम. पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन असेल तर ओल्या चढावर ती याच कारणाने जागेवर चाक फिरवते. म्हणून कच्च्या आणि चढाच्या मार्गावर मागच्या चाकांवर चालणारीच गाडी घ्या, आणि सामानाची जागा शक्य तेवढी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये मागा. मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांच्या मागे राहणारा बॉडीचा भाग) व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आतच हवा, आणि खराब रस्त्यावर तो त्याहून जितका कमी तितका चांगला.

व्हॅन की बांधलेली बॉडी

व्हॅनवर बेतलेल्या गाडीची टप आणि भिंती कारखान्यातच एकसंध बनतात. खडखडाट कमी, धूळ कमी, काचा आणि दारं मूळ कंपनीची असल्याने सुटे भाग मिळतात. पण मधली वाट अरुंद, डोकं वाकवून चढावं लागतं, आणि १६-१७ माणसांपलीकडे ती गुदमरते. चासीवर बांधलेल्या बॉडीत जागा ऐसपैस, दार रुंद, पण दर्जा पूर्णपणे बांधणाऱ्याच्या हातात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या मार्गावर एका वेळी १५ च्या वर माणसं कधीच नसतात तिथे व्हॅनच घ्या. त्याहून जास्त गर्दी असेल तर बांधलेली बॉडी, पण ती तपासून.

काय तपासायचं? बॉडी चासीला जिथे धरते ते ब्रॅकेट आणि आडवे बीम पाहा. लाटांसारख्या उंचवट्यांच्या कच्च्या रस्त्यावर पहिली चीर तिथेच पडते, नंतर दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात. दाराचं भोक म्हणजे बॉडीचा सर्वात कमकुवत भाग. जोडणी सलग वेल्डिंगची आहे की ठिपक्यांची, आतून गंजरोधक रंग मारलाय का, खालचा पत्रा उघडा आहे का, हे गाडीखाली शिरून बघा. उलटल्यावर टप दबू नये यासाठी यूएन नियम ६६ आहे. त्याचा चाचणी अहवाल मागा, आणि तो याच बॉडीचा, याच लांबीचा आहे ना ते पाहा. दुसऱ्या मॉडेलचा अहवाल दाखवून वेळ मारून नेली जाते.

हमीची भानगडही आधीच मिटवा. चासीवाला म्हणतो दोष बॉडीचा, बॉडीवाला म्हणतो चासीचा, आणि गाडी अंगणात उभी. विद्युत वायरिंग, एसीचा कंप्रेसर आणि त्याचं ब्रॅकेट, दाराची यंत्रणा, लिफ्ट यांतल्या प्रत्येकाची जबाबदारी कोणाची, हे करारात नावानिशी लिहून घ्या.

इंजिन आणि घाट

इथे थोडं गणित करा, कारण अश्वशक्तीचा आकडा एकटा काही सांगत नाही. ६.५ टनाची भरलेली गाडी १० टक्के चढावर ताशी ४० किमीने न्यायची तर चाकांवर सुमारे ८५ किलोवॅट लागतात. गिअर आणि अ‍ॅक्सलमधली घट आणि एसी धरला की इंजिन जवळपास १०० किलोवॅटचं, म्हणजे १३५ अश्वशक्तीचं हवं. तोच चढ ताशी २५ ने चढायचा असेल तर ६० ते ६५ किलोवॅट पुरतात. वेळापत्रकात घाटाला किती मिनिटं दिली आहेत त्यावरून ठरवा. टर्बो नसलेलं इंजिन असेल तर दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद कमी होते हेही जमेस धरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चढावर थांबून पुन्हा निघणं. २० टक्के चढावर ६.५ टन हलवायला चाकांवर साधारण १३,७०० न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या ३७ सेंमी, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ५.० आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.५ असेल तर गिअरमधली घट धरून इंजिनाने क्लच सोडताना सुमारे २५५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायला हवा. माहितीपत्रकातला, समजा ३५० चा, टॉर्कचा आकडा इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांवरचा असतो. हजार फेऱ्यांवर तो बराच खाली असतो. मग चालक क्लच अर्धा दाबून इंजिन घोंगावत ठेवतो आणि प्लेट जळते. दोष चालकाचा नसतो, अ‍ॅक्सल गुणोत्तराचा असतो. सपाट महामार्गासाठी लावलेलं ‘जलद’ (लहान आकड्याचं) गुणोत्तर घाटाच्या मार्गावर घेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परवडत असेल तर घाटाच्या गाडीला तो आधी द्या.

उतरताना उलट गणित. ७ टक्के उताराचा ६ किमी घाट ताशी ३० ने उतरला तर बारा मिनिटं ब्रेकमध्ये जवळपास ३० किलोवॅट उष्णता सतत जिरवावी लागते. ड्रम तापून फुगतात, पेडल खाली जातं. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारी यंत्रणा) ही अशा मार्गावर चैन नाही, गरज आहे.

रस्ता, टायर, धूळ

ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची मोकळी उंची) माहितीपत्रकात डिफरन्शियलखालचा, म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालचा, दिलेला असतो. मिनीबसमध्ये सर्वात खाली लोंबतं ते दुसरंच काही: दाराची पायरी, लिफ्टची पेटी, एसीच्या नळ्या, धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी. टेप घेऊन स्वतः मोजा. मागचा बंपर ४० सेंमी उंच आणि टायर टेकतो तिथून १.८ मीटर मागे असेल तर सुटण्याचा कोन (मागचा भाग न घासता गाडी ज्या चढ-उतारावरून सुटते तो कोन) ढोबळमानाने १२-१३ अंश मिळतो. ओढ्यातून वर येताना तो पुरेल का, ते त्या जागीच ठरेल.

सस्पेन्शनमध्ये पॅराबोलिक पाटे (कमानीसारख्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) हा ग्रामीण ताफ्यासाठी सर्वात समजूतदार पर्याय. एअर सस्पेन्शन आरामदायक आहे, पण त्याचे फुगे खडीने कापले जातात आणि उंची राखणाऱ्या झडपेची बारीक दांडी झुडपात अडकून वाकते. मग गाडी एका बाजूला कलून धावते. डांबरी मार्गाच्या गाड्यांनाच ते ठेवा.

मागे जोडटायर असतील तर दोन गोष्टी रोज पाहायच्या: मध्ये अडकलेला दगड आणि आतल्या टायरची हवा. आतला टायर बसलेला बाहेरून दिसत नाही. बाहेरचा एकटा सगळा भार घेतो, तापतो आणि फुटतो. आतल्या टायरचा वॉल्व्ह बाहेरून हाताला लागेल अशी नळी सुरुवातीलाच लावून घ्या. नाहीतर कोणीही हवा तपासणार नाही.

धुळीसाठी एअर फिल्टरवर प्री-क्लीनर आणि फिल्टर तुंबल्याचा इंडिकेटर मागा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागच्या दाराची रबरपट्टी सैल असली की धूळ आत ओढली जाते. एसीचा कंडेन्सर टपावर असेल तर खाली बसवलेल्यापेक्षा कमी तुंबतो.

इंधन

डिझेलच्या नव्या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळतो आणि त्याला ५५०-६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. दहा किमीची फेरी, मग पाऊण तास इंजिन बंद, असं वेळापत्रक असेल तर ती जळण्याची क्रिया अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि गाडी ताकद कमी करून रांगायला लागते. त्यावर उपाय दोन: उभ्या गाडीत साफसफाई सुरू करण्याचं बटण असलेली गाडी घ्या, आणि गाड्यांची अदलाबदल अशी ठेवा की प्रत्येक गाडीला आठवड्यातून काही लांब फेऱ्या मिळतील. युरियाचं द्रावण ३२.५ टक्क्यांचंच हवं. उघड्या डब्यातून, मळक्या फनेलने भरलेलं द्रावण इंजेक्टर बंद पाडतं.

विजेवरच्या गाडीचा हिशेब कागदावर करा. दिवसाला १८० किमी, किलोमीटरला ०.६ युनिट धरले तर १०८ युनिट. एसी किंवा हीटर, चढ यांसाठी पाव भाग वाढवला की १३५. बॅटरी रोज ८० टक्केच वापरायची आणि काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरलं तर सुरुवातीला २१० युनिटची बॅटरी हवी. एवढी बॅटरी मिनीबसचं प्रवासी-वजन खाऊन टाकते. पण दुपारच्या खंडात दीड तास ५० किलोवॅटच्या चार्जरवर लावता आली तर ११० ते १२० युनिटमध्ये भागतं. म्हणजे प्रश्न गाडीचा कमी आणि दुपारी ती कुठे उभी असते याचा जास्त. सहापैकी एक घ्यायची तर डेपोला दिवसातून दोनदा परतणाऱ्या, सपाट मार्गावर घ्या.

चढणं-उतरणं आणि आसनं

आता आसनं. दिवसभराचे प्रवासी मोजू नका. कोणत्या दोन थांब्यांच्या मध्ये गाडी सर्वात भरलेली असते ते मोजा, किमान दोन आठवडे, बाजाराचा दिवस आणि शाळेची वेळ धरून. साठ जण चढणाऱ्या फेरीत एका वेळी गाडीत बावीसच असू शकतात. ३२ आसनी गाडी रोजच्या एका फेरीसाठी घेऊन उरलेल्या सात फेऱ्या रिकामी फिरवण्यापेक्षा त्या एका फेरीला दोन २४ आसनी सोडणं बहुतेकदा सोपं पडतं, आणि एक बंद पडली तरी दुसरी धावते.

पहिली पायरी जमिनीपासून ३५ सेंमीच्या आसपास असावी. ४५ असेल तर म्हातारी माणसं प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट घेतात, आणि वीस थांब्यांवर दहा मिनिटं गेली. दोन्ही बाजूंना पकडायला पिवळे दांडे हवेत. व्हीलचेअरसाठी ७५ सेंमी रुंद आणि १३० सेंमी लांब मोकळी जागा आणि गाडीच्या तळाला चार ठिकाणी बांधायचे पट्टे लागतात. लिफ्ट घेतलीत तर वीज गेल्यावर हाताने चालवायचा पंप चालक स्वतः वापरून दाखवेल तेव्हाच गाडी ताब्यात घ्या. कच्च्या थांब्यांवर रॅम्प लांब नाहीतर तीव्र होतो, तिथे लिफ्ट बरी. फलाट असलेल्या थांब्यांवर घडीचा रॅम्पच घ्या, त्याच्यात बिघडायला काही नाही.

ताबा घेण्यापूर्वी

शक्य तेवढ्या गाड्या एकाच मॉडेलच्या घ्या, निदान टायर, फिल्टर, ब्रेक लायनिंग आणि बॅटरी एकाच मापाच्या ठेवा. सहापैकी पाचच वेळापत्रकात घाला, सहावी राखीव. सहाही रोज रस्त्यावर असतील तर देखभाल रात्रीच्या घाईत होते.

पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक गाडी तुमच्या सर्वात वाईट मार्गावर भरून चालवा. प्रत्येक आसनावर ६८ किलोच्या वाळूच्या पिशव्या, डिकीत सामानाचं वजन, एसी चालू. चढावर मध्येच थांबवून निघा, शेवटच्या गावात वळवून पाहा, परतल्यावर ड्रम किंवा डिस्कचं तापमान आणि सगळ्या टायरांची हवा मोजा. मग हजार किलोमीटरवर बॉडी माउंटिंगचे, पाट्यांच्या यू-बोल्टचे आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. सुरुवातीच्या काळात ते हमखास सैल होतात. करारात विंडस्क्रीन, आरसे, मागचे दिवे आणि दाराची मोटर यांचा एकेक संच गाड्यांबरोबरच देण्याची अट घाला. बांधलेल्या बॉडीची पुढची काच बाजारात मिळत नाही, बनवून घ्यावी लागते, आणि तेवढे आठवडे ती गाडी उभी राहते.