नाण्यावरची मायलेकं

प्रश्न : रोमन सम्राट नीरोच्या दोन सोन्याच्या नाण्यांची छायाचित्रं पाठवत आहे. एकावर स्त्री-पुरुष समोरासमोर आहेत, दुसऱ्यावर एकामागे एक. हे नवरा-बायको का? आणि मांडणी का बदलली?

उत्तर : नवरा-बायको नव्हेत, मायलेक. मीही इथे फसलो होतो, तेही भरल्या सभागृहात स्लाइड दाखवताना. चेहरे पाहत बसलो, कडेची अक्षरं वाचलीच नाहीत.

पहिलं नाणं इ. स. 54चं. क्लॉडियस वारला आणि वयाची 17 वर्षंही पुरी न झालेला नीरो गादीवर आला. त्याची आई अग्रिपिना ही क्लॉडियसची बायको (आणि सख्खी पुतणीही, पण ते असो). लॅटिनला संस्कृतासारख्या विभक्ती असतात, त्या लावून वाचा. चेहऱ्यांभोवती नाव आहे अग्रिपिनाचं, पुढे ‘नेरोनिस... मातेर’, म्हणजे नीरोची आई. पोरगा षष्ठीत! त्याची स्वतःची बिरुदं गेली मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या मुकुटाभोवती, आणि तिथेही ‘नेरोनी’, नीरोला, अशी चतुर्थी. अख्ख्या नाण्यावर सम्राटाला प्रथमा मिळालेली नाही.

दुसरं नाणं पुढच्याच वर्षीचं. चेहऱ्यांभोवती आता ‘नेरो’, सरळ प्रथमा. चेहराही त्याचाच पुढे, आईचा त्याच्याआडून डोकावणारा. तिची बिरुदं मागे गेली.

रोमन इतिहासकार टॅसिटस याच सुमाराचा एक प्रसंग सांगतो. आर्मेनियाचे राजदूत दरबारात आले असताना अग्रिपिना मुलाच्या शेजारी बसायला निघाली. सगळे गारठले. नीरोचा गुरू आणि सल्लागार सेनेका याने त्याला सुचवलं, उठून आईला सामोरा जा. वरून मातृभक्ती, आतून अडवणूक. नाण्यावर नेमकं हेच उमटलंय, असं मला तरी वाटतं.

पुढच्या सोन्याच्या नाण्यांवर नीरो एकटा. ओकचा मुकुट राहिला, त्यातली ‘सिनेटच्या ठरावाने’ ही अक्षरंही राहिली. आई तेवढी गेली. 59 साली त्याने तिला मारवलं.

दुसऱ्या नाण्याची मागची बाजू तुम्ही पाठवलेली नाही. भिंग घेऊन बघा : जेमतेम दोन सेंटिमीटरच्या जागेत चार हत्ती रथ ओढताहेत, आणि रथात देवपदाला पोचलेला क्लॉडियस पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्याशेजारी बसला आहे.