विमानाची इंजिनं शिकायचीत? आधी प्रोपेलर

मित्रा, टर्बोफॅनच्या (पुढे मोठा पंखा असलेल्या जेट इंजिनाच्या) आकृत्या सध्या बाजूला ठेव. प्रोपेलर नीट समजला की पुढचं सोपं जातं.

प्रोपेलरचं पातं म्हणजे गोल फिरणारा पंखच. ते हवा मागे ढकलतं, विमान पुढे जातं. पात्याला पीळ का? टोक बुडख्यापेक्षा कितीतरी वेगात फिरतं, म्हणून टोकाकडे कोन कमी ठेवावा लागतो. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानातच हे साधलं होतं, आणि मला ते आजही थक्क करतं.

मग इंजिनांचे तीनच प्रकार धर:

- पिस्टन: प्रशिक्षणाची छोटी विमानं.
- टर्बोप्रॉप: आत गॅस टर्बाइन (गरम वायूंनी फिरणारं चक्र), बाहेर प्रोपेलर. उदाहरणार्थ एटीआर ७२.
- टर्बोफॅन: एअरबस ए३२०. बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याबाहेरून (जिथे इंधन जळतं त्या भागाबाहेरून) जाते आणि बहुतेक रेटा तिचाच असतो.

नवखे हमखास प्रोपेलरला जुनाट ठरवतात. ताशी ५०० किमीच्या आसपास, जवळच्या अंतरासाठी टर्बोप्रॉप इंधन वाचवतो! आणि पुण्याच्या लोहगावला सुखोई-३० हे लढाऊ विमान गरजताना ऐकून त्याचं इंजिन वेगळंच समजू नकोस. तोही टर्बोफॅनच, फक्त आफ्टरबर्नरवाला, म्हणजे मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा.

मॉडेल विमान घेतलंस तर प्रोपेलरला हात लावण्याआधी बॅटरी काढ. दरवेळी. बायपास रेशो, बदलता पिच वगैरे नंतर बघू.