प्रिन्सिपलचं लेटर घेऊ की इंग्लिशच्या टीचरचं?

मावशी, मी फोंड्याला बारावी सायन्सला आहे, अमेरिकेत इंजिनिअरिंगला अप्लाय करतेय. दोन टीचर्सची रेकमेंडेशन लेटर्स हवीत. मॅथ्सच्या सरांकडे मला फुल मार्क्स, पण ते मला नीट ओळखतही नाहीत. फिजिक्सच्या सरांना मी सारखी डाउट विचारत असते. इंग्लिशच्या टीचरनी माझं बोरीच्या खाजनावरचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीवरचं प्रोजेक्ट दोनदा परत केलं, शेवटी मी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर जाऊन तिथल्या माणसाला विचारून सगळं नव्याने लिहिलं, तरी मार्क्स बेताचेच. काका म्हणतात प्रिन्सिपलचं घे, आमदारांचं मी आणतो. ट्यूशनचे सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. काय करू?

बाय, आधी आमदारांचं लेटर डोक्यातून काढ. काका मायेपोटी म्हणतायत, आपल्याकडे ओळखीने कामं होतात हे त्यांनी जन्मभर बघितलंय, पण तिथे अर्ज वाचणाऱ्याला एवढंच दिसणार की ज्या माणसाने या मुलीला कधी शिकवलं नाही तो तिची तारीफ करतोय. प्रिन्सिपलचं म्हणशील तर कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या वेबसाइटवर, शाळेचा म्हणून वेगळा फॉर्म असतो, काउन्सेलर नसेल तिथे तो प्रिन्सिपलच भरतात, मार्कशीटही तिथूनच जाते, मग टीचरची जागा परत त्यांना कशाला द्यायची? काकांना हे सांग, त्यांचाही मान राहील.

आता मॅथ्स. मार्क्स मार्कशीटवर आहेतच, सर आणखी काय लिहिणार, हुशार आहे, शिस्तीची आहे, असं तर शंभर मुलांबद्दल लिहितात. फिजिक्सचे सर मात्र तू काय विचारतेस, कुठे अडतेस, अडल्यावर काय करतेस ते सांगू शकतात. एक लेटर त्यांचं.

आणि दुसरं इंग्लिशच्या टीचरचंच घे गो. भरतीला मानशीचं दार पाण्याच्या जोराने आपोआप कसं मिटतं आणि ओहोटीला कसं उघडतं हे बघायला जी मुलगी चिखल तुडवत गेली आणि मग आपलंच लिहिलेलं खोडून परत लिहायला बसली, तिला इंजिनिअरिंगला घ्यावं की नाही हे ते लेटर वाचून कोणालाही कळेल, आणि हे फक्त त्या टीचरनाच माहीत आहे. बेताच्या मार्कांची लाज नको. अमेरिकेतल्या एमआयटीलासुद्धा एक लेटर मॅथ्स-सायन्सच्या टीचरचं आणि एक भाषा किंवा सोशल सायन्सच्या टीचरचं लागतं. बर्कलीसारखी कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची कॉलेजं तर सहसा अर्जासोबत लेटर मागतच नाहीत, तेव्हा प्रत्येक कॉलेजचं पान नीट वाच.

तूच लिहून आण हे मात्र अजिबात करू नकोस. आपल्याकडे सर्रास चालतं, मला माहितीये, पण ते खोटं आहे आणि वाचणाऱ्याला ओळखू येतं, सतरा वर्षांची मुलगी स्वतःबद्दल लिहिते आणि तिचा टीचर लिहितो यात खूप फरक असतो. त्याऐवजी टीचरना एक पान दे, त्यावर तारीफ नको, नुसत्या गोष्टी लिही, प्रोजेक्ट कधी परत आलं, तू काय बदललंस, कुठे अप्लाय करतेस, शेवटची तारीख काय. लेटर ते लिहितील आणि त्यांच्या ईमेलवर येणाऱ्या लिंकवरून स्वतःच अपलोड करतील. फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, ही लेटर्स नंतर बघायचा हक्क तू सोडतेस का, तिथे हो म्हण. तो हक्क 1974 च्या अमेरिकन कायद्याने मिळतो, पण सोडलास की टीचर मोकळेपणी लिहितात आणि कॉलेजचाही जास्त विश्वास बसतो.

चवथीच्या सुट्टीआधी विचार. अर्ली, म्हणजे लवकर भरायच्या अर्जांची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत टीचरना फोन करकरून लिहायला लावायचं बरं दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर जाऊन विचार, टीचर, तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का? बघूया, वेळ मिळाला तर, असं आलं तर थँक्यू म्हणून दुसऱ्या टीचरकडे जा, ओढून ताणून घेतलेलं लेटर नकोच.

ट्यूशनच्या सरांना सरळ सांग की सर, कॉलेजना शाळेत शिकवणारे टीचर हवे असतात. खरंच आहे ते, सर रागावणार नाहीत.