वाचकांचे प्रश्न : वजन लाइनीत असते

ट्राउट आणि स्टीलहेड या माशांसाठीच्या फ्लाय फिशिंगबद्दल गेल्या अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर पिसे, केस आणि धागा गळाला गुंडाळून केलेला नकली कीटक म्हणजे फ्लाय. स्टीलहेड हा निराळा मासा नसून रेनबो ट्राउटच आहे. फरक एवढाच, की तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो.

प्रश्न : मी ओरेगनमध्ये बीव्हरटनला राहतो. डेशूट्स नदीवर ट्राउट आणि स्टीलहेड दोन्ही मिळतात. दोन्हींना चालेल असा एकच रॉड घेता येईल का? आणि रॉडवर लिहिलेला ५, ७, ८ हा नंबर नेमका कशाचा?

उत्तर : आधी नंबराचे पाहू, कारण तो समजला की पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. हा नंबर रॉडच्या वजनाचा नसून तो रॉड कोणत्या वजनाची लाइन फेकण्यासाठी बनवला आहे, याचा आहे. लहानपणी चिपळूणला आम्ही बांबूच्या काठीने गरवायला जात असू, तेव्हा दोरीला शिशाचा तुकडा बांधलेला असे आणि तो तुकडाच दोरीला आपल्यामागे ओढून नेई. फ्लायला मात्र म्हणण्यासारखे वजनच नसते, त्यामुळे येथे सगळा मामला उलटा होतो : जाड, जड लाइन फेकायची आणि तिच्या शेवटी असलेली फ्लाय तिच्यामागून निमूट जाते. लाइनीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन मोजून तिला नंबर देतात. ५ नंबरच्या लाइनीचे हे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, तर ८ नंबरचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. (ग्रेन हे धान्याच्या दाण्यावरून आलेले जुने माप आहे. आपल्या सराफाच्या गुंजेच्या ते जवळपास निम्मे भरते.)

आता एका रॉडवर भागेल का? माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ट्राउटसाठी ९ फुटी, ५ नंबरचा रॉड घ्यावा. ओरेगनपासून हिमाचलपर्यंत कोठेही तो उपयोगी पडतो. स्टीलहेड दोन-तीन किलोंपासून पाच किलोंपर्यंत सहज भरतो आणि समुद्रात वाढलेला असल्यामुळे त्याच्या अंगात कमालीचा जोर असतो. तो ५ नंबरच्या रॉडवर लागला, तर अर्धा तास झुंजून इतका दमतो की सोडून दिल्यावरही जगेल याची खात्री उरत नाही. त्याच्यासाठी एक हाताचा १० फुटी ७ किंवा ८ नंबरचा, किंवा दोन हातांनी फेकण्याचा साडेबारा-तेरा फुटी ७ नंबरचा रॉड हवा. आज पैसे एकाच रॉडपुरते असतील, तर ट्राउटचा घ्या आणि त्यावर फेकायला शिका.

खर्चाबाबत एक आगाऊ सल्ला देते. नवखा माणूस सगळा पैसा रॉडवर घालतो आणि लाइन मात्र मिळेल ती स्वस्तातली घेतो. मी याच्या बरोबर उलट करायला सांगेन, कारण मध्यम प्रतीच्या रॉडवर उत्तम लाइन चांगली जाते, पण भारी रॉडवर भिकार लाइन कधीच जात नाही. ट्राउटचा रील म्हणजे जवळजवळ लाइन गुंडाळून ठेवण्याची फिरकीच असते, त्यामुळे तो साधा चालतो. स्टीलहेडच्या रीलचा ब्रेक मात्र गुळगुळीत चालणारा असावा आणि लाइनीच्या मागे किमान दीडशे यार्ड बॅकिंग, म्हणजे तिला मागून जोडलेला बारीक पण मजबूत दोरा असावा, कारण हा मासा एका धावेत सगळी लाइन संपवू शकतो. लाइनीच्या पुढे येणाऱ्या निमुळत्या दोऱ्याची, म्हणजे लीडरची, आणि त्याच्या टोकाच्या बारीक भागाची, म्हणजे टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात. तो आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी मिळते. ५-एक्स म्हणजे इंचाचे सहा हजारांश, साधारण दीड दशांश मिलिमीटर. १६ नंबरच्या छोट्या फ्लायला तेवढीच लागते. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान असतो, हेही ध्यानात असू द्या.

रॉडबद्दल जाता जाता एक गोष्ट. आज रॉड ग्रॅफाइटचे असतात, पण त्याआधी उत्तम रॉड बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून करत, आणि चीनमधला टोंकिन बांबू रूढ होण्यापूर्वी त्यासाठी भारतातून गेलेला ‘कलकत्ता’ बांबू वापरत. म्हणजे चिपळूणची आमची काठी या वंशाची अगदीच परकी नव्हती. आणि सांभाळा : रॉड माशामुळे मोडत नाही, गाडीच्या दरवाजात सापडून मोडतो. माझे दोन तसेच गेले.

प्रश्न : मी कॅलगरीला असते. घराजवळच्या बो नदीवर शिकते आहे. लाइन फेकताना लीडरला आपोआप गाठी पडतात. दुकानात त्यांना ‘वाऱ्याच्या गाठी’ म्हणाले, पण वारा नसतानाही त्या पडतात.

उत्तर : दुकानदाराने आपले मन राखले. या गाठींचा वाऱ्याशी फारच थोडा संबंध असतो. त्या आपल्या हातानेच पडतात आणि अशी एक गाठ टिपेटची ताकद जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून त्यांचे मूळ शोधणे भाग आहे.

हवेत पुढे जाणारी लाइन आडव्या केलेल्या इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दिसते, त्याला लूप म्हणतात. लाइन रॉडच्या टोकामागे जाते, त्यामुळे टोक जर सरळ रेषेत फिरले तर लूपची वरची आणि खालची बाजू एकमेकींपासून वेगळी राहते. टोक मध्येच खाली बुडाले, तर वरची बाजू खालचीला ओलांडून अडकते आणि गाठ तयार होते. टोक बुडते, कारण हाताने एकदम हिसका दिलेला असतो आणि रॉड अकाली वाकलेला असतो. दुसरे नेहमीचे कारण असे, की पाठीमागे थांबल्यावर लाइन उलगडण्याची वाट पाहताना हात नकळत हळूहळू पुढे सरकतो, मग खऱ्या फेकीसाठी जागाच उरत नाही आणि माणूस ती कसर जोर लावून भरून काढतो. लांब फेकण्याच्या हौसेतून हे सर्वांत जास्त घडते.

यावर उपाय नदीवर नव्हे, गवतावर करावा. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, फक्त ३० फूट लाइन बाहेर काढा आणि मोबाईल बाजूला ठेवून स्वतःचे चित्रण करा. सुरुवात इतकी सावकाश करा की ती हास्यास्पद वाटावी, वेग वाढवत न्या आणि मग ठाम थांबा. फेकीचा प्राण त्या थांबण्यात आहे, कारण रॉड थांबला की त्याच्यात साठलेला ताण लाइनीत उतरतो. थांबलेला हात तेथेच राहतो का, ते चित्रणात पाहा. मनगट मागे लोळत असेल, तर रॉडची मूठ बाहीच्या आत खोचून सराव करा. मनगट वळले की बाही ओढली जाते आणि लगेच कळते. पाठीमागे लाइन पूर्ण सरळ झाली की नाही, हे मान वळवून बघायला लाजू नका. पोतराजाच्या आसुडासारखा कडाड असा आवाज आला, तर आपण लाइन सरळ होण्याआधीच हात पुढे आणला आणि बहुधा फ्लायही गमावली, असे समजावे.

प्रश्न : वॉशिंग्टन राज्यात राहतो. दोन हातांचा रॉड घेऊन दोन हंगाम झाले, पण एकही स्टीलहेड लागला नाही. कधी फ्लाय कानाजवळून जाते, कधी लाइन पुढ्यात कोसळते. कुठे चुकते आहे?

उत्तर : दोन हंगाम रिकाम्या हाताने जाणे ही चूक नव्हे, हजार फेकींना एक मासा अशीच याची ख्याती आहे. फ्लाय कानाजवळून जाणे मात्र गंभीर आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करू.

दोन हातांच्या रॉडने फेकण्याची स्पे पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आली. तेथे काठावर झाडी असल्यामुळे लाइन पाठीमागे मोकळी उडवता येत नाही, म्हणून तिचा थोडा भाग पाण्याला चिकटलेला ठेवायचा, त्याला अँकर म्हणतात, आणि उरलेल्या लाइनीचा इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा फुगा शरीराच्या बाजूला करायचा. ही फेक अँकरच्या आधारावर होते. वारा कोठून येतो हे पाहूनच अँकर कोणत्या बाजूला ठेवायचा ते ठरते. वारा प्रवाहाच्या दिशेने खाली वाहत असेल, तर अँकर खालच्या बाजूला हवा आणि त्यासाठी ‘डबल स्पे’ या प्रकारची फेक वापरावी. वारा उलटा, वरच्या दिशेने येत असेल, तर अँकर वरच्या बाजूला ठेवून ‘सिंगल स्पे’ किंवा ‘स्नॅप-टी’ या प्रकारची फेक करावी. हा नियम मोडला की वारा फुग्याला तुमच्यावर ढकलतो आणि फ्लाय कानाशी येते. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय दोन हातांचा रॉड उचलूच नये.

लाइन पुढ्यात कोसळण्याचे कारण बहुधा वरचा हात असतो. आपण एक हाताच्या सवयीने वरच्या हाताने ढकलतो. दोन हातांच्या रॉडमध्ये वरचा हात टेकूसारखा आणि खालचा हात इंजिनासारखा असतो. खालच्या हाताची मूठ पोटाकडे ओढा आणि वरचा हात शांत ठेवा. आपल्याकडे पाग टाकणारा कोळी मनगटाने नव्हे, अख्ख्या अंगाने जाळे उलगडतो, तसेच हे आहे. अँकर साधारण रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर, आपल्या बाजूला आणि किंचित पुढे पडावा. तो मागे पडला तर लाइन पाण्यातून सुटून हवेतच विझते, आणि फार पुढे पडला तर पाण्यात चिकटून बसते. हिवाळ्यात लाइनीचे जड बुडणारे टोक आणि मोठी फ्लाय उचलायची असेल, तर लाइनीला स्कॅगिट प्रकारचा आखूड, जाड पुढचा भाग लावावा, ज्याचे नाव तुमच्याच वॉशिंग्टन राज्यातील नदीवरून पडले आहे.

आता मासा. उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरल्यावर फारसे खात नाही. तो फ्लाय घेतो ते भुकेपोटी नव्हे, त्यामुळे ‘कोणती फ्लाय’ यापेक्षा ‘फ्लाय कोणत्या वेगाने जाते’ हा प्रश्न मोठा आहे. प्रवाहाच्या खालच्या बाजूला साधारण ४५ अंशांत फेका, प्रवाहाने लाइनीला पोट पडले, म्हणजे ती मधोमध वाकली, तर रॉडने उचलून वरच्या बाजूला टाका, जेणेकरून फ्लाय चालण्याच्या वेगाने आडवी तरंगत काठाकडे येईल. मग दोन-तीन पावले खाली सरका आणि पुन्हा फेका. एकाच जागी उभे राहून वीस फेकी करणारा माणूस एकाच माशाला, तोही तेथे असलाच तर, वीस वेळा बोलावतो. डेशूट्ससारख्या खोल दरीत पहाटे, ऊन पाण्यावर उतरण्याआधी, आणि संध्याकाळी सावली पडल्यावर मासे अधिक लागतात. आणि धक्का बसला की रॉड उचलू नका. हे जगातले सर्वांत अवघड काम आहे. मासा फ्लाय घेऊन वळला की गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात रुततो. आपण घाईने उचललेला रॉड तो गळ माशाच्या तोंडातून ओढून काढतो. माझा पहिला मासा मी असाच घालवला होता.

प्रश्न : पुण्याहून मे महिन्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जाणार आहे. माझ्याकडे धरणावर वापरण्याचा स्पिनिंग रॉड आहे. त्याने फ्लाय फेकता येईल का?

उत्तर : नाही. स्पिनिंग रॉडवर आमिषाचे वजन बारीक दोरा ओढते आणि फ्लायला ते वजन नसते. तुम्हाला फ्लाय रॉडच लागेल. ९ फुटी ४ किंवा ५ नंबरचा पुरे. तीर्थन दगडधोंड्यांतून खळाळत वाहते, तेथे लांब फेकीचा उपयोग नाही. लीडर आणि थोडीशीच लाइन बाहेर ठेवून दगडामागच्या संथ पाण्यात मणी लावलेली ‘फेझंट टेल’ किंवा ‘हेअर्स इअर’ या नावाची फ्लाय सोडा आणि रॉड उंच धरून लाइन मधल्या वेगवान पाण्याला लागू देऊ नका, कारण त्या पाण्याने लाइन ओढली की फ्लाय नैसर्गिक न वाटता पळू लागते आणि ब्राउन ट्राउट तिच्याकडे पाहतही नाही. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तेथे ट्राउट पकडण्यास बंदी असते. मेमध्ये बर्फ वितळून पाणी वाढलेले आणि गार असते, म्हणून जमल्यास मार्च-एप्रिल किंवा पावसाळ्यानंतरचे दिवस बघा. चपला घालून पाण्यात उतरू नका आणि पाणी मांडीच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितो. आमच्याकडे गरवलेला मासा तव्यावर जातो. पकडून सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक नद्यांमधले रानटी स्टीलहेड संरक्षित आहेत आणि ते सोडावेच लागतात. प्रजनन केंद्रात वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा लहानसा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून तो ओळखू येतो, आणि जेथे नियम परवानगी देतात तेथे तो घरी नेता येतो. सोडायचाच असेल, तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा, मासा पाण्याबाहेर न काढता हात ओले करून धरावा आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल त्या दिवशी गळ टाकूच नये. अशा पाण्यात दमलेल्या माशाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

आणि तव्यावर गेलाच, तर मांस सॅमन माशासारखे केशरी असते आणि त्यात स्वतःची चरबी भरपूर असते. त्यामुळे तेल कमी घाला, मसाला हलकाच लावा आणि आगळ मात्र विसरू नका.